बिबट्याच्या भरवशावरचं झाड

काट्याचा विषय निघाला की आम्हा कवी मंडळींना चेव येतो. मराठीत बाभळीचा काटा, उर्दूत गुलाबाशेजारचा ख़ार; किती पिढ्यांनी या एका काट्यावर गुजराण केली त्याची गणती नाही. काटा म्हणजे वेदना, काटा म्हणजे अडसर, काटा म्हणजे फुलाचा पहारेकरी. यातला पहारेकरी तेवढा विज्ञानाला मान्य आहे. शत्रू दिसला म्हणून झाडाला पळता येत नाही, शिंगं उगारता येत नाहीत. मग ते काटे काढतं, पानात कडू रस भरतं, साल जाड करतं. शेळी तोंड घालायला येते, नाकाला टोचतं, ती पुढच्या झाडाकडे वळते. इथपर्यंत आपण सगळेच जाणतो. त्यासाठी विज्ञान शाखेत जावं लागत नाही. मीही गेलो नाही.

मला बोलायचं आहे ते ज्यांच्याकडे हा पहारेकरी जेमतेमच आहे अशा झाडांबद्दल. पाला चवदार, काटे नावापुरते आणि भोवती पाला ओरबाडणाऱ्या जनावरांचे कळप. अशी झाडं टिकतात तरी कशी? आतापर्यंत ती संपून जायला हवी होती. या प्रश्नाचं एक फार सुरेख उत्तर आफ्रिकेतल्या केनिया देशातून आलं. ॲडम फोर्ड, जेकब गोहीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. थोडक्यात सांगायचं तर काही झाडांची राखण काटे करत नाहीत, बिबट्या करतो. बिबट्या पाला खात नाही. झाडाकडून त्याला हवा असतो तो दबा धरायला आडोसा आणि दुपारची सावली. तरीही कुठल्या जागी कुठलं झाड उभं राहावं, यात त्याचा हात असतो.

केनियाच्या मध्यभागी, विषुववृत्तावर, केनिया पर्वताच्या वायव्येला लायकिपिया नावाचं पठार आहे. पाऊस बेताचा. गवत, खुरटी झाडं, मध्येच दाट झुडपांचे पट्टे, मध्येच मोकळी मैदानं. हत्ती, जिराफ, झेब्रे, सिंह इथे आहेत आणि त्याच जमिनीवर माणसांची गुरंही चरतात. इथल्या एम्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात हे काम झालं. ज्याच्याभोवती सगळी कथा फिरते तो प्राणी म्हणजे इंपाला. आपल्या काळविटाच्या गोतातला, तांबूस रंगाचा, चपळ, कळपाने राहणारा. हिरवं गवत असेल तेव्हा गवत खातो, ते वाळलं की झाडपाल्यावर येतो. संख्येने तो तिथे भरपूर आहे.

त्याचे मुख्य वैरी दोन, बिबट्या आणि आफ्रिकी रानकुत्रा. हा रानकुत्रा म्हणजे आपल्या जंगलातला तांबडा कोळसुंदा नव्हे. अंगावर काळे, पांढरे, पिवळट ठिगळ लावल्यासारखे डाग, मोठे गोल कान आणि टोळीने शिकार करण्याची रीत. बिबट्याची पद्धत तर आपल्याला ठाऊकच आहे. झुडपाआड दबून बसायचं, सावज हाताशी आलं की झेप. त्याला पाठलाग मानवत नाही, आडोसा लागतो.

संशोधकांनी इंपाला, बिबटे आणि रानकुत्रे यांच्या गळ्यात उपग्रहाच्या मदतीने ठावठिकाणा कळवणारे पट्टे बांधले. कोण कुठे वेळ काढतो हे नकाशावर उमटू लागलं. शिकारी दाट झाडोऱ्यात जास्त आणि इंपाला झाडोरा टाळून मोकळ्यावर. यात नवल ते काय, असं कोणीही म्हणेल. पण शास्त्रज्ञाची जात शंकेखोर असते आणि ती तशीच असावी. इंपाला मोकळ्यावर राहतात ते भीतीने की तिथलं गवत चांगलं म्हणून? भीतीचं नाव घेतलं आणि खरं कारण पोटाचं निघालं, तर सगळी मांडणीच कोसळते.

ही शंका पोकळ नव्हती, कारण तिथल्या मोकळ्या जागा साध्यासुध्या नाहीत. लायकिपियातले पशुपालक पिढ्यानपिढ्या रात्री गुरं कोंडायला गोल कुंपण घालतात. बाभळीच्या जातीच्या काटेरी फांद्या तोडून, एकमेकींत अडकवून. त्याला तिथे ‘बोमा’ म्हणतात. सिंहबिबट्यांनी आत शिरू नये हा हेतू. काही काळाने लोक जागा बदलतात. मागे राहतो शेणाचा जाड थर. आपल्याकडे शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढ्या बसवतो, रात्रभराच्या लेंड्यामुताने जमीन सुपीक व्हावी म्हणून. तिथे हेच महिनोन्महिने एका जागी झालेलं असतं. अशा सोडलेल्या बोमाच्या जागी लुसलुशीत, आखूड गवत उगवतं आणि ती हिरवळ कित्येक दशकं टिकते. झाडी मात्र तिथे सहसा दाटत नाही. म्हणजे एकाच जागी पोटाची सोय आणि जिवाचीही. इंपाला कशासाठी येतो, कसं कळणार?

मग त्यांनी सरळ मार्ग धरला. झाडी असलेले काही तुकडे निवडून तिथली झाडं तोडून जागा मोकळी केली. तिथे जुना बोमा नव्हता, शेणाचा थर नव्हता, बदलली ती फक्त नजर पोचण्याची सोय. इंपाला तिथे पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले. आडोसा गेला, भीती कमी झाली, पाय वळले. एखादी जागा किती धोक्याची आहे याचा असा नकाशा प्रत्येक चरणारं जनावर मनात बाळगतं. अभ्यासकांनी या कल्पनेला जे नाव दिलंय त्याला मी मराठीत ‘भीतीचा भूगोल’ म्हणेन.

आता झाडांकडे येऊ. लायकिपियात अकेशियाच्या, म्हणजे बाभळीच्या गोतातल्या अनेक जाती आहेत. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. पहिली एटबाइका, बोटाएवढ्या लांबीपर्यंत जाणारे सरळ, अणकुचीदार काटे असलेली. दुसरी ब्रेव्हिस्पिका, हिचे काटे म्हणजे छोटे आकडे, ओरखडा काढतील इतपतच. इंपालाला दुसरी जास्त आवडते. इथेही तोच प्रश्न उभा राहिला. आवड काट्यांमुळे की पाल्याच्या चवीमुळे? हा प्रयोग मला सर्वांत आवडला, कारण तो एखाद्या खट्याळ पोराने करावा तसा आहे. एटबाइकाच्या फांद्यांवरचे काटे काढून टाकले आणि ब्रेव्हिस्पिकाच्या फांद्यांना ते लांब काटे डकवले. मग दोन्ही फांद्या इंपालांपुढे. काटे काढलेली एटबाइका ते आवडीने खाऊ लागले आणि काटे लावलेल्या ब्रेव्हिस्पिकाकडे पाठ फिरवू लागले. चवीचा वाद मिटला.

जाता जाता एक गंमत. अकेशिया हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा संबंध टोकाशी, काट्याशी लावतात. पुढे वनस्पतीशास्त्रज्ञांत या कुळाच्या वाटणीवरून मोठा वाद झाला. २००५ साली व्हिएन्नाच्या आणि मग २०११ साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निवाडा झाला, की अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहील. त्यातल्या बहुतेकांना काटेच नाहीत! आफ्रिकेतल्या आणि आपल्या काटेवाल्या मंडळींना व्हॅचेलिया, सेनेगालिया अशी नवी आडनावं मिळाली. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आहे. तिला याचा पत्ता नाही आणि आपण तिला बाभूळच म्हणणार. मीही इथे जुनंच नाव वापरतो आहे.

तर दोन गोष्टी हाती आल्या. इंपाला दाट झाडी टाळतो आणि इंपाला लांब काटे टाळतो. त्या एकत्र ठेवल्या की पठारावरच्या झाडांची मांडणी उलगडते. मोकळ्या, निर्धास्त जागी इंपालांची गर्दी. तिथे कमी काट्यांचं रोप वर आलं की खुडलं जातं आणि काटेरी एटबाइका तेवढी तग धरते. दाट, धोक्याच्या जागी इंपाला क्वचित जातो, गेला तरी रेंगाळत नाही. तिथे ब्रेव्हिस्पिका सुखाने वाढते आणि एटबाइका विरळ होते. कारण काटे फुकट येत नाहीत. पाण्यातून, अन्नातून, उन्हातून कमावलेलं जे काही असतं त्यातलाच वाटा त्यांना द्यावा लागतो. जिथे तोंड घालणारं कोणी नाही तिथे काट्यांवर केलेला खर्च वाढीच्या शर्यतीत भोवतो. कुंपण घालून इंपालांना वर्षानुवर्षं बाहेर ठेवलेल्या तुकड्यांतही हेच दिसलं. खाणारं तोंड गेलं की कमी काट्यांच्या झाडाचं बरं चालतं.

झाडाला जगायचे असे दोन रस्ते आहेत. एक, स्वतः काटे काढणं. दुसरा, वैऱ्याच्या वैऱ्याशेजारी घर करणं. झाड काही विचार करून घर निवडत नाही, हे उघड आहे. बी सगळीकडे पडतं. कुठलं रोप झाड होईल हे इंपालाचे पाय ठरवतात आणि पाय कुठे वळतील हे बिबट्याचं भय ठरवतं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. बिबट्या आल्याने एटबाइकाच्या एखाद्या झाडाचे काटे आखूड होतात, असं हा अभ्यास म्हणत नाही. कुठल्या जातीचं झाड कुठे असेल, हे त्यात आहे. एकाच झाडाचे काटे कमीजास्त होतात का? होतात, पण त्याचे धडे वेगळ्या प्रयोगांतून मिळाले. त्याच भागात ‘शिटी वाजवणारी बाभूळ’ म्हणून एक जात आहे. तिच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, त्यांना मुंग्या भोकं पाडतात आणि वारा शिरला की शीळ वाजते. ट्रुमन यंग यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की जनावरांचं तोंड लागलेल्या फांद्यांवर नवे काटे अधिक लांब येतात. पुढे कुंपण घालून जनावरं दूर ठेवली, तर नवे काटे आखूड यायला लागले. झाड हिशेबी असतं. गरज असेल तेवढाच बंदोबस्त.

आणि नुसत्या भीतीने एवढं घडतं याला आणखी पुरावा आहे का? आहे, आणि तो एका कोळ्याचा आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात येल विद्यापीठाच्या ऑस्वल्ड श्मिट्झ यांनी कुरणातल्या नाकतोड्यांवर प्रयोग केले. गवतात शिकारी कोळी सोडले, पण काही कोळ्यांची तोंडं आधी गोंदाने चिकटवून टाकली. म्हणजे कोळी फिरणार, दिसणार, पण एकाही नाकतोड्याला खाऊ शकणार नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की तोंड बंद असलेल्या कोळ्यांनीही वनस्पतींवर जवळपास तोच परिणाम घडवला. नाकतोडे आवडतं गवत सोडून रुंद पानांच्या रोपांत लपू लागले आणि तीच खाऊ लागले. गवताचं नुकसान घटलं, त्या रोपांचं वाढलं. एकही शिकार न होता! या कोळ्यांपुढे आमच्या शब्दांची धमकी फारच फिकी.

आता उलट बाजू. भय नाहीसं झालं तर काय? मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानाने हे पाहिलं. त्या देशातलं यादवी युद्ध १९७७ ते १९९२ चाललं. त्यात उद्यानातली बहुतेक मोठी जनावरं मारली गेली, बिबटे आणि रानकुत्रे तर नाहीसेच झाले. नंतर हरणं-कुरंग हळूहळू सावरले, शिकारी मात्र लवकर परतले नाहीत. बुशबक नावाचा एक कुरंग आहे. हा स्वभावाने लाजाळू, झाडीतच लपून राहणारा. तो उघड्या पूरमैदानावर येऊन चरू लागला, कारण तिथला चारा सकस होता आणि अडवणारं कोणी नव्हतं. त्याचं तोंड लागल्याने तिथल्या त्याच्या आवडत्या वनस्पती मागे हटल्या. मग संशोधकांनी बिबट्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, शिकारी जनावराच्या वासाची नक्कल करून ठेवली. बुशबक झाडीकडे सरकले. २०१९ साली हे निष्कर्ष आले. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे रानकुत्रे पुन्हा सोडण्यात आले होते. इतक्या वर्षांनंतरही शिकाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने पाय मागे वळावेत, यात ही भीती किती खोलवर असते ते दिसतं.

लायकिपियाच्या अभ्यासकांनीही हाच इशारा दिला आहे. मोठे शिकारी संपले तर इंपालाला सगळंच रान मोकळं होईल. मग आडोशाच्या जागी वाढणाऱ्या, कमी काट्यांच्या झाडांना कोणी वाली उरणार नाही आणि आज जिथे दोन तऱ्हेची झाडी आहे तिथे काटेरीच काय ती शिल्लक राहील. हे होताना कोणाला दिसणारही नाही. झाडावर कुऱ्हाड पडली तर आवाज होतो. रोप दरवर्षी वितीएवढं असतानाच खुडलं गेलं तर होत नाही. ते झाड तिथे होणार होतं, हे सांगायलाही कोणी नसतं.

पण या कथेला हुरळून जाऊन ‘शिकारी आणा, जंगल आपोआप सुधारेल’ असा मंत्र करू नये. तो मंत्र खोटा पाडणारा पुरावाही त्याच पठारावरचा, त्याच संशोधकांचा आहे. लायकिपियातून रानकुत्रे कित्येक वर्षं नाहीसे झाले होते. या शतकाच्या सुरुवातीला ते आपणहून परतले. त्यांचं मुख्य भक्ष्य डिकडिक, म्हणजे सशाहून थोडा मोठा असा इवलासा कुरंग. रानकुत्रे परतल्यावर डिकडिकांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली. डिकडिक झाडांची रोपं खातो हेही सिद्ध होतं. तेव्हा झाडं वाढायला हवीत, हा हिशेब सरळ होता. फोर्ड आणि मंडळींनी रानकुत्रे येण्याआधीचे आणि नंतरचे कुंपणाचे प्रयोग ताडून पाहिले. झाडांवरचा ताण होता तेवढाच निघाला. २०१५ साली त्यांनी ते तसंच्या तसं छापलं. कदाचित परिणाम दिसायला वेळ लागेल, कदाचित पावसाची चढउतार आड आली, कदाचित डिकडिकाने सोडलेला पाला दुसऱ्याच कोणी खाल्ला. वर्षभरापूर्वी आपलंच काम जगभर गाजलं असताना हे छापायला धाडस लागतं. मला पहिल्या शोधाइतकंच या दुसऱ्याचं मोल वाटतं.

याच कारणाने आपल्या उसातल्या बिबट्यांना ही कथा लगेच चिकटवू नये. तिथे इंपाला नाहीत, कुत्री आणि शेळ्या आहेत. आडोसा रानाचा नाही, पिकाचा आहे आणि तो दरवर्षी कापला जातो. तिथला भीतीचा भूगोल निराळा आणि त्यात माणूसही आहे.

माणूस लायकिपियातही आहेच. ज्याची गाय सिंहाने नेली, ज्याच्या शेळ्या रानकुत्र्यांनी फाडल्या, त्याच्यापुढे ब्रेव्हिस्पिकाच्या रोपाचं कौतुक सांगून चालत नाही. शिकाऱ्यांचं तिथे राहणं किंवा न राहणं शेवटी त्याच्या रागावर, त्याच्या कुंपणावर आणि नशिबावरही अवलंबून असतं. २०१७ साली डिस्टेंपर या रोगाची साथ आली आणि परतलेल्या रानकुत्र्यांतले बरेचसे तीत दगावले.

कुंपण मात्र बदलतं आहे. लायकिपियातल्या बऱ्याच गुरांच्या कुरणांवर आता काटेरी फांद्यांऐवजी लोखंडी चौकटींचे, उचलून नेता येणारे बोमा वापरतात. बिबट्याला आत शिरणं कठीण आणि दर वेळी झाडंही तोडावी लागत नाहीत. थोड्या थोड्या दिवसांनी ते हलवतात. बोमा उठला की मागे शेणाची गोल जागा राहते, पावसाला तिथे आखूड हिरवं गवत येतं आणि दूरवरचं दिसतं म्हणून संध्याकाळी इंपाला तिथे येऊन बसू लागतात. बोमा कुठे मांडायचा हे गुराखी पाण्याचं अंतर आणि चारा बघून ठरवतो. त्या जागेच्या काठावर पुढची कित्येक वर्षं कुठलं झाड उगवेल, हेही त्यानेच ठरवलेलं असतं.